रेवाळेकाकांची टायटलं

आमच्या समोरच्या दारातले रेवाळेकाका पाहुण्यांना माझी ओळख अशी करून देतात : "शेजारीण, शिक्षिका, मराठी माध्यम, आवाज मोठा, तीन मजले ऐकू जाणारा." पाहुणे नमस्कार करतात आणि मला उगाचच वाटतं, की आता हे लोक मला उलटं करून तळाची किंमत बघणार.

काकांचं आयुष्य एका केमिकल कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेलं. तिथल्या रजिस्टरात आधी वस्तू, मग जात, मग माप, असंच लिहायचं. "नट, षटकोनी, पोलादी, अर्धा इंच." निवृत्त होऊन ते जुईनगरच्या आमच्या सोसायटीत घरी बसले आणि त्यांना कोणी काही विचारेना. तेवढ्यात बायका घरबसल्या ऑनलाइन काहीबाही विकायला लागल्या. माल चांगला असायचा, पण त्याचं टायटल, म्हणजे फोटोखालचं नाव, असं लिहायच्या की घेणाऱ्याला तो सापडूच नये. काकांना काम मिळालं. फी नाही, अट एकच : वाद घालायचा नाही.

मी लोकरीची तोरणं विणते. पहिल्या तोरणाला मी मोठ्या हौसेने 'मनमोहक सुंदर तोरण' असं टायटल दिलं होतं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"सुंदर कोण शोधतं? शोधणारा काय टाईप करील, ते सांग."

"तोरण."

"कसलं? कुठे लावायचं? केवढं दार? धुतलं तर रंग जातो का?"

एवढी उलटतपासणी माझ्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती. शेवटी 'लोकरीचं तोरण, मुख्य दारासाठी, साडेतीन फूट, पिवळं-केशरी, धुता येणारं' असं ठरलं. 'मनमोहक' गेलं. मराठीची बाई म्हणून माझा जीव तुटला, पण त्याच आठवड्यात तोरणं मात्र संपली.

शेजारच्या शिरवणे गावातल्या जनाबाई मसाला कुटतात. त्यांच्या पुतण्याने पाकिटाचा फोटो टाकून खाली लिहिलं होतं, 'आईच्या हातची जादू'.

"जादू शोधणाऱ्याला जादूगार सापडेल, मसाला नाही," काका म्हणाले.

"मंग काय लिवू? माजे हाताला चव हाय, ती जादू नाय तं काय हाय?"

"मच्छीत घालायचा की मटणात?"

"दोन्हीन घाला. वांग्यान पन घाला."

काकांनी लिहिलं, 'आगरी मसाला, मच्छी-मटणासाठी, झणझणीत, घरी कुटलेला, अर्धा किलो'. जनाबाईंनी ते दोनदा वाचून घेतलं. "यान माजा नाव कुठं हाय?" त्या रुसल्या. पण ऑर्डरी यायला लागल्यावर खुशीने सुके बोंबील घेऊन आल्या. काका जन्माचे शाकाहारी. त्यांनी पिशवी हातभर लांब धरून माझ्याकडे आणली आणि म्हणाले, "बोंबील, सुके, वास जोरदार, परत न घेण्याच्या अटीवर."

सोसायटीच्या फळ्यावरची सूचनाही तेच लिहू लागले. 'सत्यनारायण पूजा, बी विंग गच्ची, शिऱ्याचा प्रसाद, केळं घातलेला.' त्या वर्षी शेजारच्या सोसायटीतलेसुद्धा प्रसादाला आले आणि सेक्रेटरींना शिरा मिळाला नाही. तेव्हापासून फळ्याची किल्ली सेक्रेटरींकडे असते.

गेल्या दिवाळीनंतर काकू गेल्या. काका गप्प झाले, पण टायटलं लिहिणं थांबलं नाही. त्यांचा मुलगा नीलेश खारघरला राहतो. त्याने बाबांसाठी एक खोली रिकामी केली होती आणि तो रोज फोन करून बोलवत होता. काकांचं उत्तर ठरलेलं : "तुझ्या आईची सायकल विकली की येतो."

सायकल म्हणजे व्यायामाची, हॉलमध्ये उभी असलेली. डॉक्टरांनी काकूंच्या गुडघ्यांसाठी घ्यायला लावलेली. नीलेशच्या खोलीत पलंग राहील नाहीतर सायकल, असा मामला होता. म्हणून काकांनी ती ऑनलाइन विकायला टाकली होती. काका इथे राहणार की जाणार, हे त्या एका सायकलवर अडलं होतं.

श्रावण लागला त्या आठवड्यात नीलेशचा मला फोन आला. "ताई, दोन महिने झाले, एक एन्क्वायरी नाही! अख्ख्या जुईनगरचा माल विकतात आणि घरची एक सायकल जात नाही? मला टेन्शन आलंय. तुम्ही बघा ना जरा."

मी जाहिरात शोधायला बसले. 'व्यायामाची सायकल' टाईप केलं, नाही. 'जुनी सायकल' केलं, नाही. शेवटी नीलेशनेच लिंक पाठवली. टायटल होतं, 'वस्तू, जुनी, पाहून घेणे'. विभाग, बागकाम. फोटोत खिडकीचा पडदा आणि त्याच्या कडेला एका पायडलचा तुकडा.

मला आधी हसू आलं आणि मग भीती वाटली. माणूस भ्रमिष्ट तर झाला नाही? मी तशीच समोर गेले. दार लोटलेलंच होतं. काका सायकलवर बसून पायडल मारत होते. घामाने बनियन भिजलं होतं. मला बघून ते उतरायला गेले, पण उतरले नाहीत.

"काका, ते टायटल..."

"वाचलंस?" ते ओशाळले. "म्हणजे सापडलं तर."

"नीलेशने दिलं. मला सात जन्मात सापडलं नसतं."

"मग बरोबर लिहिलंय," ते म्हणाले. मग हँडलवरच्या मीटरकडे बोट दाखवून म्हणाले, "ही रोज यावर बसून माहेरी जायची. संगमेश्वरला. आकडा बघून ओरडायची, अहो, पेण आलं! अहो, माणगाव आलं, चहा टाका! मी टाकायचो. पोलादपूरपर्यंत आली होती."

मी खुर्ची ओढून बसले.

"खरोखर कधी नेलं नाही गं मी तिला वेळेवर. दरवर्षी म्हणायची, गौरीला माहेरी जाऊ. आणि माझं दरवर्षी स्टोअरचं काही ना काही. रजा मिळायची तोवर गौरी गेलेल्या असायच्या. आता पोलादपुरात एकटीला कशी सोडू? म्हटलं, निदान पोचवतो."

हा माणूस फार कोरडा आहे असं मी कितीदा कितीजणांना सांगितलं होतं. मला माझीच लाज वाटली.

इतक्यात नीलेशचा परत फोन आला. "ताई, भेटलात? लिहिताय ना नवीन टायटल?"

मी फोनवर हात ठेवून काकांना विचारलं, "किती दिवस लागतील?"

त्यांनी मीटर पाहिला, ओठ हलवत हिशेब केला. "रोज थोडं थोडं केलं, तर गौरी यायच्या आत पोचतो."

"नीलेश, लिहिते," मी म्हणाले, "पण माझं टायटलचं काम कच्चं आहे रे. गौरीपर्यंत तरी होत नाही."

काका माझ्याकडे बघून हसले नाहीत. डोळे पुसले, पंचा खांद्यावर टाकला आणि पुन्हा पायडल मारू लागले. पोलादपूरच्या पुढे कशेडीचा घाट होता, म्हणून सावकाश मारत होते.