माती जुनी होईपर्यंत

गतवैभव रक्षक मंडळ, बडोदे, या नोंदणीकृत संस्थेची अर्धवार्षिक सभा सतरा नोव्हेंबर एकोणीसशे शहाण्णव रोजी अध्यक्षा निरुपमाताई यांच्या दिवाणखान्यात भरली आणि चहा व लीलो चेवडा संपताच गंभीर झाली. प्रश्नच तसा होता. आमच्या 'बडोद्याची शंभर वारसास्थळे' या पुस्तकाचं मुखपृष्ठ चार रंगांत छापून आलं होतं आणि वारसास्थळं नव्याण्णवच भरत होती. मुखपृष्ठ बदलणं आता शक्य नव्हतं. जे काही करायचं ते शहरालाच करावं लागणार होतं.

मी या मंडळाचा मानद चिटणीस, दीनानाथ. आमचे पणजोबा संस्थानच्या दफ्तरात कारकून होते. घरात आम्ही त्यांना फडणीस म्हणतो. मंडळाच्या अकराही सभासदांचे पणजोबा असेच दफ्तरात, खासगीत किंवा न्यायखात्यात होते, त्यामुळे जुनं काय आणि नवं काय हे आम्हाला रक्तातूनच कळतं.

आमच्या नव्याण्णव स्थळांत चार कोरड्या विहिरी, सहा बंद कारंजी, हत्ती बांधायचा एक साखळदंड आणि ज्याच्यावरचा पुतळा कुठे गेला हे कोणालाच ठाऊक नाही असा एक चौथरा यांचा समावेश होता. सगळी स्थळं उत्तम स्थितीत होती, म्हणजे कोणालाही त्यांचा काही उपयोग नव्हता.

सभा चालू असतानाच पाणीगेटचे संपतराव जमादार अर्ज घेऊन आले. वय सत्तरीच्या पुढे, कान कुस्तीने चुरगळलेले, आणि चपला त्यांनी फाटकाबाहेरच काढून ठेवलेल्या. त्यांचे पणजोबा धनाजीराव संस्थानच्या पागेत जमादार होते. त्यांनी पाणीगेटजवळच्या एका मोकळ्या जागेत आखाडा काढला, तो एकशे आठ वर्षं चालू होता आणि चौथ्या पिढीत संपतराव त्याचे वस्ताद होते. माझे पणजोबा त्या काळी कुस्त्यांना हजर असत. धनाजीराव लढत आणि माझे पणजोबा कोण जिंकलं ते वहीत लिहीत. दोघांनाही पगार एकाच खजिन्यातून मिळे, पण वही आमच्याकडे राहिली.

आता त्या जागेवर हार्दिकभाई नावाच्या बिल्डरची नजर गेली होती. त्याला तिथे शॉपिंग सेंटर बांधायचं होतं. जागा सरकारी, आखाड्याकडे कागद एकही नाही. संबंधित कार्यालयाने संपतरावांना सांगितलं होतं की स्थळ जुनं असल्याचा मंडळाचा दाखला आणा, मग जागेला कोणी हात लावणार नाही.

"बेन, मला बोर्ड नको, सत्कार नको," संपतराव निरुपमाताईंना म्हणाले. "आखाडा राहिला पाहिजे एवढं लिहून द्या. पोरं रोज येतात. एक रणवीर म्हणून आहे, तो यंदा राज्याच्या कुस्त्यांना उतरेल. आता मी त्याला कुठे नेऊ?"

शंभरावं स्थळ स्वतःच्या पायांनी दिवाणखान्यात चालत आलं म्हणून सगळ्यांना आनंद झाला. फॉर्म भरायला मीच बसलो. सातव्या रकान्यात 'सध्या वापरात आहे का?' असा प्रश्न आहे आणि उत्तर 'हो' असल्यास दहा गुण वजा होतात. मी पेन थांबवलं. नव्याण्णव स्थळांत हा प्रसंग आला नव्हता. पण निरुपमाताईंचं मन मोठं, त्या म्हणाल्या की दहा गुण गेले तरी वयावर भरून निघतील.

वयाच्या रकान्यात मात्र खरी अडचण झाली. वय स्थळाच्या मुख्य वस्तूचं लिहायचं असतं. आमचे तरुण वास्तुविशारद सभासद सलील मोजपट्टी घेऊन आखाड्यात गेले. छपराचे पत्रे एकाहत्तर सालचे निघाले. मल्लखांब मूळचा नव्हता, तिसरा होता. मारुतीला दर शनिवारी शेंदूर लागत असल्यामुळे आतला मारुती कोणत्या काळातला हे सांगता येईना. राहिली कुस्तीच्या हौद्यातली लाल माती. सलीलनी ती दोन पिशव्यांत भरून प्रयोगशाळेत पाठवली.

अहवाल आला, आणि सभेत तो वाचताना माझा आवाज पडला. मातीत हळद, ताक, तेल आणि काव सापडली होती. मातीचं वय तीन महिने होतं.

संपतरावांना बोलावून घेतलं. ते नाकारतील अशी आशा होती. त्यांनी उलट अभिमानाने सांगितलं की दर नागपंचमीला सगळी माती बदलतात, मकरपुऱ्याच्या पलीकडून नवी आणतात, आणि रोज पहाटे ती फावड्याने खणून भुसभुशीत करतात. एकशे आठ वर्षांत हे एकदाही चुकलेलं नाही.

"म्हणजे एकशे आठ वेळा तुम्ही पुरावा नष्ट केलात," सलील म्हणाले.

निरुपमाताई रागावल्या नाहीत. माणसाला सुधारायची संधी द्यावी असं त्यांचं मत आहे. त्यांनी ठराव मांडला की माती आज जुनी नसली तरी तिला जुनी होऊ द्यावं. मंडळाने आखाड्याला तात्पुरता दाखला द्यावा. त्याबदल्यात मातीत काही घालू नये, तिच्यातून काही काढू नये, ती खणू नये आणि तिच्यावर कुस्ती करू नये. पन्नास वर्षांनी कायम दाखल्याचा विचार होईल. ठराव एकमताने मंजूर झाला. संपतरावांनी बोटांवर हिशेब केला आणि दोन हजार सेहेचाळीसला आपण कुठे असू ते बोलून दाखवलं नाही. दाखला घेतला नसता तर पुढच्या सोमवारी हार्दिकभाईची माणसं दोरी घेऊन जागा मापायला येणार होती. संपतरावांनी सही केली.

दाखल्याचा परिणाम तात्काळ दिसला. जागेला खरोखरच कोणी हात लावला नाही. पोरं आठवडाभर कठड्यावर बसून जोर-बैठकांच्या गप्पा मारत होती, मग येईनाशी झाली. रणवीरने महिनाभर वस्तादांच्या गच्चीवर सराव केला, पण गच्चीवर पाठ टेकवता येत नाही. राज्याच्या कुस्त्या त्याच्याशिवाय झाल्या. उन्हाळ्यात माती घट्ट झाली आणि तिला भेगा पडल्या. सलीलनी प्रत्येक भेगेचा फोटो काढला. आखाडा 'क' श्रेणीतून 'ब' श्रेणीत आला.

पुढच्या श्रावणात आमच्या पाहणी पथकाला हळदीचा वास आला. हौद्याचा एक कोपरा चक्क मऊ होता. नियमाप्रमाणे मला कारणे दाखवा नोटीस काढावी लागली: 'आपण संरक्षित वारसास्थळात ताजेपणा निर्माण केल्याचे निदर्शनास आले आहे. सदर ताजेपणा आपण कोणाच्या परवानगीने केला, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा.'

लेखी खुलासा आला नाही. संपतरावांच्या पत्नी चिमणाबाई स्वतः आल्या. ताक त्यांच्या घरचं होतं, म्हणून जबाबदारी आपली असं त्या म्हणाल्या, आणि मग उभ्याउभ्याच मला विचारलं:

"माझं वय एकाहत्तर. मी रोज अंघोळ करते, रोज धुतलेलं लुगडं नेसते. मग मी काय कालची झाले?"

मी हा मुद्दा सभेपुढे ठेवला. त्यात तथ्य असल्याचं सर्वांनी मान्य केलं. पण फॉर्ममध्ये अंघोळीचा रकाना नसल्यामुळे पुढे काही करता येईना. इतिवृत्तात मी फक्त 'चिमणाबाई जमादार येऊन गेल्या' असं लिहिलं. आज ते वाक्य वाचताना मला लाज वाटते, पण इतिवृत्त दुरुस्त करणं हा पुराव्यात फेरफार ठरतो.

आता मातीचं रक्षण कोणापासून करायचं हे स्पष्ट झालं होतं. पाऊस, मांजरं आणि संपतराव. त्यासाठी भिंती हव्यात, छप्पर हवं, चोवीस तास पहारा हवा. मंडळाकडे यातलं काहीच नव्हतं. याच सुमारास हार्दिकभाई आमचा आश्रयदाता सभासद झाला. इतिहासाची आवड माणसाला कोणत्याही वयात लागू शकते.

"दीनानाथभाई, टेन्शन नथी लेवानुं," तो म्हणाला. "माती तमारी. फक्त तिच्या आजूबाजूचं आणि वरचं मला द्या."

त्याने आणलेला नकाशा पाहून निरुपमाताईंचे डोळे भरून आले. बरोबर मध्यभागी आखाडा, जसाच्या तसा. त्याच्या चारी बाजूंना कमरेएवढी काच. काचेभोवती अठ्ठेचाळीस दुकानं. संपतरावांच्या मूळ अर्जात 'शॉपिंग सेंटर होऊ नये' असं वाक्य होतं हे मी लक्षात आणून दिलं. सलील म्हणाले की आखाडा पाडून शॉपिंग सेंटर होऊ नये असा त्या वाक्याचा भाव आहे, आणि इथे आखाडा वाढवून शॉपिंग सेंटर होत आहे. मलाही ते पटलं. मला पटकन पटतं, म्हणूनच मी अकरा वर्षं चिटणीस आहे.

'धनाजी हेरिटेज आर्केड'चं उद्घाटन अठरा एप्रिल दोन हजार रोजी, जागतिक वारसा दिनी, थाटात झालं. तळमजल्यावर मोबाइल फोनची तीन दुकानं, लग्नाच्या कपड्यांची नऊ. पहिल्या मजल्यावर वातानुकूलित जिम. तिथे वासण्याहून गाडीने आलेले लोक पट्ट्यावर चालत होते आणि चालता चालता जिमच्या काचेतून खाली माती पाहत होते. माती ऐतिहासिक दिसावी म्हणून तिच्यावर पिवळे दिवे सोडले होते. ती आता इतकी कडक झाली होती की सलीलनी बोटाने ठोकून निरुपमाताईंना आवाज ऐकवला.

संपतराव फेटा बांधून आले. भाषणांत त्यांचं नाव तीनदा घेतलं गेलं, त्यातलं एकदा बरोबर. मग ते कोणालाही न विचारता काचेपाशी गेले, वाकले आणि हात आत घातला. हौद्यात उतरण्याआधी चिमूटभर माती कपाळाला लावायची, ही सवय त्यांना साठ वर्षांची होती.

"वस्ताद, हात नाही लावायचा," पहारेकरी हळूच म्हणाला.

पहारेकरी रणवीर होता. निळा गणवेश, खांद्यावर आर्केडचा बिल्ला. दांडगं शरीर पाहून हार्दिकभाईने त्याला मुद्दाम निवडलं होतं, आणि मातीवर कोणालाही पाय ठेवू न देणं एवढंच त्याचं काम होतं. बोलताना त्याने वस्तादांकडे पाहिलं नाही. संपतरावांनी हात मागे घेतला. तोच रिकामा हात त्यांनी रणवीरच्या खांद्यावर ठेवला.

"नोकरी संभाळ," ते म्हणाले.

मला तिथे वाईट वाटलं. मानद चिटणिसाला वाटू नये इतकं वाटलं. आखाडा वाचवायला आलेल्या या माणसाला आम्ही चार वर्षांत त्याच्याच मातीपासून वाचवलं होतं, आणि प्रत्येक पावलाचा ठराव माझ्या अक्षरात होता. काहीतरी चांगलं दाखवावं म्हणून मी त्यांना दाराशी ठेवलेल्या अभिप्राय-वहीकडे नेलं. दुपारपर्यंत तीनशे बारा सह्या झाल्या होत्या. 'अप्रतिम.' 'असे आखाडे आता राहिले नाहीत.' 'नव्या पिढीला याची किंमत नाही.' सलीलनी एक अभिप्राय मोठ्याने वाचला, त्यात 'मातीशी नाळ' असे शब्द होते.

संपतरावांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक नाव वाचायला घेतलं. सह्या बहुतेक जवळपासच्या गल्ल्यांतल्याच होत्या. दर नागपंचमीला नवी माती टाकायच्या आदल्या दिवशी ते या प्रत्येक घरी जाऊन आमंत्रण देत असत: या, पहिलं फावडं तुम्ही मारा, पोराला पाठवा. कोणाच्या मुलाची शिकवणी असे, कोणाचे गुडघे दुखत, कोणाला मातीचे डाग निघत नाहीत याची काळजी. ते हे तक्रार म्हणून सांगत नव्हते. नावं वाचताना आठवलं म्हणून सांगत होते.

"यातली दहा माणसं जरी येत राहिली असती," ते म्हणाले, "तर मला तुमच्याकडे दाखला मागायला यावं लागलं नसतं."

अकराव्या पानावर त्यांचं बोट थांबलं. हे नाव मी ओळखतो का असं त्यांनी विचारलं. या घरी ते सलग नऊ वर्षं गेले होते, आणि नऊही वेळा 'पुढच्या वर्षी नक्की' असं उत्तर मिळालं होतं. मी वाकून पाहिलं. नाव तुमचं होतं. अक्षर सुरेख आहे तुमचं. शेरा होता, 'हे जपायलाच हवं.'

मी तुमची बाजू घेतली. म्हटलं, भला माणूस आहे, पण वेळ मिळत नाही हो त्यांना.

"आज मिळाला ने," संपतराव म्हणाले, आणि त्यांनी पान उलटलं.