सुभेदारांची विजेची मोटार

पेट्रोल महागलं म्हणून सुभेदार लालासाहेबांनी विजेवर चालणारी मोटार बनवली, असं उंब्रजमध्ये सगळे समजत होते. साफ खोटं! पेन्शनीत आल्यापासून त्यांना बोलायला माणूस मिळत नव्हतं, हे खरं कारण. बायको वारलेली, मुलगा मुंबईला. पारावर जाऊन बसले आणि "आमी लडाखला असताना..." एवढं म्हणाले, की एकेकाला घरच्या म्हशी आठवायच्या. मोटारीत बसलेला माणूस पळून पळून जाणार कुठं, असा सुभेदारांचा सरळ विचार. सगळा जन्म फौजेच्या वर्कशॉपात गेलेला. त्यांनी भंगारातनं मोटारीचा सांगाडा आणला, मागच्या शिटाच्या जागी ट्रकच्या बॅटऱ्या मांडल्या, आणि मोटार चालली की हो!

रविवारी रानातनं फेरफटका मारून येऊ म्हणून त्यांनी शेजारच्या मानसिंगला बोलावलं.

"आवं, बुडाखाली करंट घिऊन कोण बसंल?" मानसिंग म्हणाला.

"आरं, काय हुत न्हाई. मी बसतोय न्हवं?"

"तुमचं काय, तुमी फौजी. आमाला लेकरंबाळं हाईत."

चुलत भावजय बनाबाईनं तर कानांवर हातच ठेवले. "नगो बाई! भावजी, करंट आदी सोन्याला धरतोय म्हणं."

शेवटी दोघांच्या भाकरी बांधून सुभेदार एकटेच निघाले. पेट्रोलची मोटार निदान गुरगुरते तरी. ही गप्प, आणि सुभेदारही गप्प. आवाजच नाही म्हटल्यावर रानात भांगलणाऱ्या बायकाही मान वर करून बघेनात. एवढी मोटार बनवली आणि बघायलासुद्धा कुणी नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

एका वाडीच्या चढाला बॅटऱ्यांनी दम सोडला. मोटार थांबली. शेजारच्या मळ्यातनं केरू नावाचा म्हातारा धावत आला. मळ्यात तो एकटाच राहायचा.

"पाव्हनं, त्याल संपलं का?"

"तेल न्हाई, वीज संपली. तुमच्या हिरीवर मोटर हाय का लाइटीची?"

"हाय की! ढकला."

दोघांनी मोटार ढकलत विहिरीपाशी नेली. सुभेदारांनी चार्जरच्या वायरी जोडल्या, बॅटऱ्यांची टोपणं उघडली. "दिवस मावळंपत्तुर लागंल बरं का," ते ओशाळून म्हणाले.

"लागू द्या की!" केरूचा चेहरा खुलला.

मग काय विचारता! बॅटरीपासून सुरुवात झाली आणि सुभेदार लडाखला पोचले. दोघांनी भाकरी खाल्ली, सुभेदार बोलत राहिले. केरू मध्येच म्हणायचा, "आन् मग?" गेल्या कैक वर्षांत त्यांना "आन् मग?" असं कुणी विचारलं नव्हतं. पण दिवस कलला, बॅटऱ्याही भरत आल्या. ते हात धुवायला पाटावर गेले आणि येऊन बघतात तर केरू कळशीनं बॅटऱ्यांत विहिरीचं पाणी ओततोय!

"आरं, आरं! काय केलंस हे?" सुभेदार ओरडले. पाणी काठोकाठ भरून आतलं ॲसिड बाहेर सांडत होतं. त्यांनी धावत जाऊन वायरी ओढल्या.

"पाणी पाजलं," केरू खाली बघत म्हणाला. "तहानल्या बैलाला कुणी जुपतंय व्हय? यष्टीचा डायवर बी आदी पाणीच मागतोय."

"ही काय यष्टी हाय? वाटोळं केलंस सगळ्याचं! आता कराडासनं ॲसिड आणल्याबिगर ही हलत न्हाई. आन् आज दुकान बंद!"

सुभेदार डोकं धरून बसले. तेवढ्यात रस्त्यावर ट्रक थांबला. ड्रायव्हर उंब्रजचाच कृष्णात निघाला.

"सुभेदार, बसली का गाडी? दोर हाय माझ्याकडं. ओढत नेतो घरापत्तुर."

"देवासारखा आलास बाबा," म्हणत सुभेदार उठले. कृष्णात दोर काढायला गेला. केरू तिथंच उभा होता. रिकामी कळशी हातातच.

"सुभेदार," तो हळूच म्हणाला, "मला ठावं हुतं."

"काय ठावं हुतं?"

"पाण्याचं. तुमीच सांगितलं न्हवं, साधं पाणी पडलं की बॅटरी मेली म्हणून. मी सगळं ध्यान दिऊन ऐकत हुतो." त्यानं नाक पुसलं. "तुमी निघाला असता. सांच्याला लय खायला उठतंय हो हितं."

सुभेदारांना शिव्या पाठ होत्या, फौजेतल्यासुद्धा. एकही बाहेर आली नाही. आपलं बोलणं शब्द न् शब्द ऐकणारा माणूस आयुष्यात एकदाचा भेटला, आणि त्यानं त्याचा असा उपयोग केला!

"बांधू का दोर?" कृष्णातनं विचारलं.

"नगो रं," सुभेदार म्हणाले. "बॅटऱ्या तापल्यात जरा. गार झाल्या की येतो माझा मी. तू हो पुढं."

ट्रक गेला. केरूनं घोंगडं अंथरलं, चुलीवर चहा ठेवला आणि समोर येऊन बसला. "सांगा की. लडाखात गाडी अडकली, आन् मग?"

"ते ऱ्हाऊ दे," सुभेदार म्हणाले. "सकाळधरनं मीच बोलतोय. आता तू सांग."

बोलायची सवय केरूला कुठली! चहा उतू जायला आला तरी तो विचारच करत होता. शेवटी म्हणाला, "पारूबाई म्हणून माझी बायकू हुती. तिथनं सांगू का?"

"सांग," सुभेदार म्हणाले आणि त्यांनी मांडी घातली.