भिंतीपासून दूर

आमच्या शेजारच्या दिगंबररावांच्या हॉलमध्ये भिंतीला काहीही टेकवायचं नाही. माणूससुद्धा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सवयीने भिंतीशी उभी राहिले, तर ते कळवळून म्हणाले, "वहिनी, पुढे या, पुढे या! भिंत वैरीण आहे!" मला वाटलं रंग ओला असेल.

सोफा गॅलरीत, कपाट आतल्या खोलीत आणि हॉलच्या जवळजवळ मध्यावर माणसाहून उंच, काळे, चपटे असे दोन पडदे उभे. त्यांच्यासमोर एकच खुर्ची. तुम्ही नातवंडं मागच्या खेपेला आलात तेव्हा आपला ईशान म्हणाला होता, "आजी, यांच्याकडे दोन दारं आहेत, पण ती कुठेच उघडत नाहीत."

बाळांनो, ते स्पीकर आहेत. इलेक्ट्रोस्टॅटिक. नेहमीच्या स्पीकरसारखी पेटी नाही, भोंगा नाही. दोन जाळ्यांच्या मध्ये प्लास्टिकचा एक पातळ पापुद्रा ताणलेला असतो. त्याला विजेचा मोठा दाब लागतो, म्हणून गाण्याच्या वायरीखेरीज प्लगची वायरही जोडावी लागते. पापुद्रा थरथरला की आवाज जितका पुढे जातो तितकाच मागे. मागे भिंत जवळ असेल तर तो आपटून परत येतो आणि गाणं गढूळ होतं. मला हे सगळं पाठ आहे, कारण दिगंबररावांकडे चहा हवा असेल तर आधी हे ऐकावं लागतं.

बिरवाडीच्या एका कारखान्यात ते मोजमापाची यंत्रं सांभाळत. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जोडी मुंबईहून जुनी घेतली आणि गोधड्यांत गुंडाळून टेम्पोने आणली. स्वतः मागे बसले, दोन्हींना कवेत धरून. माणगावच्या चहावाल्याने म्हणे विचारलं, "पेशंट कसा हाय?"

त्यांच्या खिशात कायम शिंप्याची टेप असे. खुर्चीपासून दोन्ही पडदे सारख्याच अंतरावर हवेत. वायरी सारख्याच लांबीच्या हव्यात. लालला लाल, काळ्याला काळी. एका बाजूला उलट जोडलीत तर गाणाऱ्याचा आवाज पोकळ होतो. "केसाचाही फरक चालायचा नाही, वहिनी. गाणारी बाई बरोब्बर मधोमध उभी राहिली पाहिजे." उशीचा अभ्रा तिरका असला तर मला झोप येत नाही, त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

त्यांच्याकडे दासगावहून शेवंता कामाला येते. पावसाळ्यात हवा दमट झाली की ते पडदे तडतडतात. पहिल्यांदा तडतडले तेव्हा शेवंता लांबूनच म्हणाली, "काका, डास मारायचं मशीन हाय काय हो? येवढं मोठं?" पुढे एकदा तिने त्यावर ओला टॉवेल वाळत घातला. दिगंबरराव असे धावले की त्यांची एक चप्पल दारातच राहिली. "अगो, मरशील!"

"मग उन्हात ठेवा की त्याला," शेवंता म्हणाली. "घरात रिकामं काय उभं करून ठेवलंय!"

मालतीवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, खुर्चीत बसून हसत होत्या. ती खुर्ची त्यांचीच. दिगंबरराव बाजूला जमिनीवर बसत. तिथे गाणं नीट लागत नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं.

अलीकडे मात्र मला एक गोष्ट खुपू लागली होती. डावा पडदा पुढे आलेला दिसे. आधी बोटभर, मग वीतभर, शिवाय खुर्चीकडे वळलेला. मी म्हटलं, "दिगंबरराव, टेप हरवली का?" तर म्हणाले, "जमीन खचतेय, वहिनी." दुसऱ्या मजल्यावरची जमीन!

या रविवारी मी गेले तेव्हा दोन्ही पडदे फरशीच्या एकाच रेघेवर उभे. शेवंता पदराला हात पुशीत म्हणाली, "त्यो डावा वाकडा हुता, सरळ केला." मला फार बरं वाटलं. दिगंबरराव नुकतेच बाजारातून आले होते. त्यांनी पडद्यांकडे पाहिलं नाही आणि गाणं लावलं.

मालतीवहिनींनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. "अहो, ही गाणारी आज अशी उजवीकडे का गेली? डावीकडे काहीच नाही." त्यांचा हात डाव्या कानाकडे गेला. "माझ्या कानालाच काही..."

"छे, छे! वायर सैल झाली," दिगंबरराव इतक्या मोठ्याने म्हणाले की मी दचकले. ते गुडघ्यांवर बसले आणि वायर चाचपत असल्यासारखं करत डावा पडदा हळूहळू पुढे सरकवत राहिले. नजर पडद्यावर नव्हती, मालतीवहिनींच्या चेहऱ्यावर होती.

"हं. आली मधोमध," वहिनी म्हणाल्या. कानाकडचा हात खाली आला. गाणं संपल्यावर त्या चहा टाकायला आत गेल्या.

दिगंबररावांनी पुन्हा तेच गाणं लावलं. मी त्या खुर्चीत बसून पाहिलं. बाई पार डावीकडे उभी राहून गात होती. मी बोलायला तोंड उघडलं, तशी त्यांनी मान हलवली.

"तुम्हाला ते तसंच ऐकू येणार," ते हळूच म्हणाले. "तिचा डावा कान उतरत चाललाय. तिला वाटतं, तिचं सगळं ठीक आहे. ठीक वाटतंय तोवर गाणं ऐकेल. मागे डॉक्टरांकडे चल म्हटलं तर चार दिवस रेडिओसुद्धा लावू दिला नाही."

मी खाली पाहिलं. डाव्या पडद्यामागे फरशीवर निळ्या चिकटपट्टीचे तुकडे लावलेले होते, एकापुढे एक. आपल्या महाडात पुराचं पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा लोक भिंतीवर ठेवतात. या खुणा जमिनीवर होत्या आणि खुर्चीच्या दिशेने येत होत्या.

दिगंबररावांनी खिशातून पट्टी काढली, तुकडा तोडला आणि पडद्याच्या नव्या जागी चिकटवून अंगठ्याने दाबला. आतून कपांचा आवाज आला.

"अजून बऱ्याच फरश्या आहेत मध्ये," ते म्हणाले.