बॉसची तब्येत

माझ्या बॉसला मी मरू देणार नाही, असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि मंडळी, तो शब्द मी पाळला. तिथेच तर सगळा घोळ झाला!

बॉस म्हणजे मर्विन टेसडेल, सिडनीपासून लांबच्या बुराडिल गावातल्या एकुलत्या एका बेकरीचे मालक. मी डेलियो, समुद्रापलीकडच्या इलोइलो शहरातला, त्यांचा भट्टीवाला. माझा व्हिसा तात्पुरता, आणि तोही त्यांच्या बेकरीच्या दावणीला बांधलेला. नियम असा, की एकाच मालकाकडे काही वर्षं राबायचं. मग त्या मालकाने सरकारला कळवायचं, हा माणूस मला कायमचा हवा. तेव्हा कुठे मी, मायलिन आणि आमची पोरगी इथले कायमचे रहिवासी! मध्येच दुकान बंद पडलं तर नवा मालक शोधा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. नाही मिळाला तर घरी जायला विमान आहेच. तिकडे शाळेत गणित शिकवणारी मायलिन इथे मोटेलच्या चादरी बदलत होती. कागद आले की ती पुन्हा शिकवणार होती. कागद आले की पोरगी कॉलेजात जाणार होती. आमचा श्वास तेवढा कागदांशिवाय चालला होता.

मुदत भरत आली होती, आणि एका सकाळी बॉस छाती धरून मैद्याच्या पोत्यावर बसले. चेहरा कच्च्या पावासारखा! त्यांच्या आधी मीच अर्धमेला झालो. दवाखान्यात कळलं की नुसता वायू होता. पण डॉक्टरांनी बजावलं, "रोज असेच खिमा पॅटिस हाणत राहिलात, तर पुढच्या वेळी वायू नसेल."

"हा म्हातारा गेला तर आपण गेलो," मायलिन म्हणाली.

"जातो कसा? मी आहे ना!"

दुसऱ्या दिवसापासून बॉसचे पॅटिस बंद. त्याऐवजी मायलिनच्या हातचं तिनोला, म्हणजे आलं घातलेलं कोंबडीचं पाणी आणि वर मूठभर शेवग्याचा पाला.

"हे काय रे? कुंपण कापून आणलंस?"

"शेवगा आहे, बॉस. आमच्याकडे बाळंतिणीला देतात."

"मग मी काय बाळंत झालोय?"

पण प्यायले. आणि मग मी माझा हुकमी पत्ता टाकला. नदीकाठी सकाळी फिरणाऱ्या म्हाताऱ्यांचं एक मंडळ होतं, त्यात बॉसना अक्षरशः ढकललं. पहिल्या दिवशी ते मला शिव्या देत परतले. आठवड्याने शीळ घालत परतले. महिन्याभरात दाढी रोज व्हायला लागली, पोट आत गेलं, आणि म्हातारा पोती उचलायला लागला! मी मायलिनला म्हणालो, "बघ! आता हा आपल्याला पुरून उरतो!"

एके दिवशी बॉसनी मला भट्टीमागे बोलावलं. डोळे ओले होते.

"डेलियो, तुझे फार उपकार आहेत रे माझ्यावर. एक कायमची गोष्ट करून टाकायचीय. सह्या लागतील. रविवारी घरी येतो."

कायमची! सह्या! मी धावत मोटेलवर गेलो. मायलिनने हातातली चादर तोंडावर दाबली आणि ढसाढसा रडली. मग तिने आईला फोन केला. सासूबाईंनी त्याच दिवशी डुक्कर कापून सगळ्या गल्लीला जेवण घातलं.

रविवारी बॉस आले. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि सोबत एक बाई! ग्वेनेथ, पोस्टातून निवृत्त झालेल्या, नदीकाठच्या मंडळातल्या.

"आम्ही लग्न करतोय!" बॉस म्हणाले. "साक्षीदार म्हणून तुम्हा दोघांच्या सह्या हव्यात. बेकरीची भाड्याची जागा सोडतोय, असं परवाच जागामालकाला लिहून दिलं. कॅरव्हॅन घेतलीय. आता नुसतं फिरायचं!"

मायलिनच्या हातात शेवयांचं ताट होतं. ते तसंच राहिलं.

"आणि माझे कागद, बॉस?"

"अरे, ते होय! कुठूनही सही करीन. पेन आहे माझ्याकडे!"

मी तिथल्या तिथे सिडनीत कारिडाडताईंना फोन लावला. आमच्या लोकांचं व्हिसाचं काम त्याच बघतात. त्या शांतपणे म्हणाल्या, "दुकान नाही तर नोकरी कुठली? नोकरी नाही तर सही कशाची, डेलियो?"

बॉसच्या चेहऱ्याचा पुन्हा कच्चा पाव झाला. त्यांना खरंच माहीत नव्हतं हो! दुसऱ्या दिवशी ते जागामालकाकडे जाऊन गयावया करून आले. पण तिथे टायरवाल्याचा करार होऊन गेला होता. रिकाम्या बेकरीत ते मान खाली घालून बसले. "मी तुमचं वाटोळं केलं," म्हणाले. रागवावं तर कुणावर? तिनोला आमच्याच घरचं! नदीवर ढकललं मीच!

लग्नात केक मीच केला, सहीही केली. बॉसनी सगळ्यांसमोर मला मिठी मारली आणि ओरडले, "या माणसाने मला जीवदान दिलंय!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मला रडू आवरेना. लोक म्हणाले, किती मायाळू माणूस! पलीकडे मायलिन मान खाली घालून उष्ट्या ताटल्या गोळा करत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण हाताला आता तीच सवय.

व्हिसा संपायच्या आत दुसऱ्या गावात काम मिळालं. तिथेही बेकरीच. पोरगी नव्या शाळेत गेली, मायलिन नव्या मोटेलवर. वर्षं पुन्हा पहिल्यापासून!

पहिल्या दिवशी नव्या मालकीणबाईंनी हळहळत विचारलं, "तुमच्या आधीच्या मालकांनी तब्येतीमुळे दुकान बंद केलं म्हणे?"

"हो, बाई."

"अरेरे! फारच बिघडली होती का?"

"नाही हो," मी म्हणालो, "सुधारली!"

बाई पोट धरधरून हसल्या. मी पाव भट्टीत सरकवले.