सुबरावआप्पांचा सीझन पास

आमच्या वडगावच्या मैदानावर रेफरीला शिवी द्यायची असेल तर आधी पास दाखवावा लागतो. हा नियम कुठल्या फुटबॉल संघटनेचा नाही, सुबरावआप्पांचा आहे. तुम्ही पायरीवर बसून शेंगा फोडत आमच्या सेंटर फॉरवर्डच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केलात की मागून एक हात खांद्यावर पडतो. वळून बघावं तर पांढरा सदरा, काळी टोपी, आणि सदऱ्याच्या खिशातून मुद्दाम अर्धा वर काढून ठेवलेला पास.

"पास हाय का?"

नाही म्हटलं की आप्पा शांतपणे सांगतात, "मग गप बघायचं. शिवी द्यायचा हक्क पासवाल्याचा."

एकदा चिकोडीहून कुणाच्या तरी घरी आलेला एक पाहुणा आपल्याला मराठी येत नाही असा चेहरा करून बसला. आप्पांनी लगेच त्याला कानडीतून विचारलं, "पास ऐतेनु?" पाहुणा मॅच संपेपर्यंत तोंडात शेंगा भरून बसला होता.

आता गंमत अशी, की आमच्या मैदानाला कंपाउंड एकाच बाजूला आहे. बाकी तिन्ही बाजू उघड्या. माणसं येतात, म्हशी येतात, दुधाच्या किटल्या लावलेल्या सायकली गोलपोस्टामागून जातात. कंपाउंडाच्या बाजूला दोन बांबू रोवून केलेलं एक गेट आहे, तिथून फक्त सुबरावआप्पा येतात. त्यांचं घर बरोबर विरुद्ध बाजूला, गोलच्या मागे वीस पावलांवर. पण आप्पा सगळ्या मैदानाला वळसा घालून गेटावर येणार, तिथे कुणी असलं तर पास दाखवणार, कुणी नसलं तर कुणीतरी येईपर्यंत थांबणार. एका पावसाळ्यात ते पंधरा मिनिटं छत्री धरून उभे राहिले आणि त्यात आमचा त्या हंगामातला एकुलता एक गोल बघायचा हुकला. हळहळले नाहीत. "गोल काय, परत हुईल. फुकट शिरलो तर ते परत निघत न्हाय," म्हणाले.

आमच्या क्लबचं नाव विणकर स्पोर्टिंग. गल्लीतल्या मागवाल्यांनीच पूर्वी कधीतरी काढलेला. रंग हिरवा आणि लाल. सीझन पास ही भानगड मात्र अलीकडची. एक बिल्डर आमचे अध्यक्ष झाले, त्यांनी गोव्यात कुठेतरी मोठी मॅच बघितली होती, आणि तिथून ते ही कल्पना घेऊन आले. गुळगुळीत पास छापले, त्यावर स्वतःचा फोटो टाकला. फोटो क्लबच्या नावापेक्षा मोठा होता. गल्लीतल्या लोकांनी एकेक घेतला, पहिल्या पावसात धुतला आणि विसरले. आप्पांनी मात्र ते मनावर घेतलं. शेवटची मॅच झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात पुढच्या हंगामाच्या पासाचे पैसे घेऊन हजर. मी शाळेत गणित शिकवतो, एवढ्या गुन्ह्याबद्दल मला क्लबचा खजिनदार केलेलं आहे.

खेळातलं त्यांना कळतं का, हा प्रश्न गल्लीत अजून सुटलेला नाही. घरात साडीचे दोन माग, त्यामुळे ते सगळा फुटबॉल मागाच्या भाषेत बघतात. पास चुकला की "धागा तुटला." बचाव ढिला पडला की "ताणा सैल हाय." आमचा एक विंगर चेंडू घेऊन एकटाच या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचा आणि शेवटी चेंडू घालवायचा. त्याला आप्पा मागावर आडवा धागा घेऊन पळणाऱ्या धोट्याची उपमा द्यायचे, "नुसता धोटा पळतोय, कापड कुठं हाय?" त्या पोराला पुढे कॅम्पातल्या एका श्रीमंत क्लबाने उचललं. तिथे तो गोल करायला लागला, ही गोष्ट आप्पांसमोर आम्ही काढत नाही.

तर गेल्या वर्षी अध्यक्षांचे प्लॉट विकले जाईनात आणि ते क्लबातून अंग काढून मोकळे झाले. जाताना बॅनरही नेला, त्यावर फोटो होता ना. मग चांगले खेळाडू गेले. उरले आठ. लीगच्या प्रवेशाची फी भरायला पैसे नव्हते आणि बुटांचं तर बोलायलाच नको. आमचा सेक्रेटरी विलास आणि मी बसलो, आणि या वर्षी टीम उतरवायची नाही असा ठराव मीच माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिला. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. दर रविवारची दुपार मोकळी मिळणार होती.

मीटिंग समाजाच्या हॉलमध्ये झाली. ठराव वाचला, चार जणांनी मान डोलावली, दोघे चहा आला का ते बघायला उठले. त्या वर्षीचा पास फक्त एकाच माणसाने घेतलेला होता. मी पाकीट काढून आप्पांच्या समोर ठेवलं आणि म्हटलं, आप्पा, हे तुमचे पैसे.

आप्पांनी पाकिटाकडे बघितलंसुद्धा नाही. "पास काढलाय म्हंजे काढलाय," म्हणाले. "मॅच दाखवा."

विलासने समजुतीने घेतलं. एका पासासाठी कुणी टीम उतरवतं का, असं काहीतरी तो बोलला. आप्पा माझ्याकडे वळले.

"मास्तर, तुम्ही गणिताचं. किती पास खपल्यावर दिलेला शब्द लागू हुतो, तेवढं सांगा. मी गप बसतो."

मी बावीस वर्षं गणित शिकवतोय. हे उदाहरण आमच्या कुठल्याच पुस्तकात नाही. शेवटी विलास वैतागून म्हणाला, खेळाडूच आठ आहेत, मॅच काय पत्त्यांची खेळायची? त्यावर आप्पांनी नियम सांगितला. कमीत कमी सात असले की रेफरीला शिट्टी वाजवावीच लागते. "आमच्याकडं तर एक जास्तीच हाय."

तडजोड अशी ठरली, की फी भरायच्या शेवटच्या तारखेला दोन आठवडे आहेत, तेवढ्यात पास विकून फी निघाली तर टीम उतरेल. नाही निघाली तर क्लब बंद. पास छापणाऱ्याचं मागचंच बिल राहिलेलं होतं, तो आम्हाला दुकानाची पायरी चढू देईना. मी झेरॉक्सवर शिक्का मारून देऊ का म्हटलं, तर आप्पा दुखावले. पास मी आणतो, म्हणाले, आणि गेले.

पुढचे दहा दिवस त्यांचे दोन्ही माग पहाटेपासून खडखडत होते. आम्हाला वाटलं, छपाईच्या पैशासाठी माणूस राबतोय. अकराव्या दिवशी त्यांनी विलासला आणि मला घरी बोलावलं. सोप्यात चटईवर घड्या घातलेल्या साड्यांची चळत होती. हिरवा-लाल काठ, काठात गोल गोल बुट्ट्या, आणि पदराच्या टोकाला क्लबचं नाव विणलेलं. विलासने साड्या बघितल्या, मग इकडे तिकडे बघितलं, आणि पास कुठे आहेत म्हणून विचारलं.

"काठात," आप्पा म्हणाले.

झालं होतं ते असं. आप्पांनी कापडी पास विणायचं ठरवलं. मजबूत, पावसात धुऊन न जाणारा, कुणाचा फोटो नसलेला. डोक्यात सगळी नक्षी बसवली, काठाचे धागे क्लबच्या रंगाचे भरले, काठात चेंडू काढले. आणि माग सुरू करून दिला. आता साडीच्या मागावर काठ एकटा येत नाही, मधलं अंग घेऊनच येतो, हे वडगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण चाळीस वर्षं ज्याने साडीखेरीज काही विणलं नाही, त्याचे हात साडी पुरी झाल्याशिवाय थांबतात थोडेच. काठ नीट आला का एवढंच ते बघत राहिले. पन्नास पास व्हायचे होते, त्याऐवजी साड्या झाल्या सोळा.

विलास कात्री आणायला उठला. काठ कापून त्याचे तुकडे केले तर अजून वेळ गेलेली नव्हती. तेवढ्यात आतून आप्पांच्या बायको, गंगाक्का, बाहेर आल्या. आम्ही त्यांना नेहमी मागाशीच उभं असलेलं बघितलेलं, बोलताना जवळजवळ नाहीच.

"कात्री ठेवा आत," त्या म्हणाल्या. "मागावरनं उतरलेली अख्खी साडी ह्या घरात कुणी कापली न्हाय."

मग ठरलं, की साडी हाच पास. जी नेसेल ती आत. विलासने कपाळाला हात लावला, कारण साडी नेसून मॅचला यायला आमच्यातला एकही पुरुष तयार होणार नव्हता. पण साड्या दोन दिवसांत गेल्या. बायकांना काठ आवडला. चेंडू कुणाला चेंडू वाटले नाहीत, सगळ्या त्याला लिंबाचा काठ म्हणत होत्या, आणि आप्पा प्रत्येकीला दारात जाऊन ते लिंबू नसल्याचं सांगून आले. एकीने मग पाच रुपये कमी करा म्हटलं. फी शेवटच्या दिवशी भरली, चेंडूही आले दोन.

पहिल्या रविवारी बांबूच्या गेटावर रांग लागली. मैदानाच्या इतिहासात पहिल्यांदा. पंधरा बायका एकाच काठाच्या साड्या नेसून, डब्यात चिवडा घेऊन आल्या आणि पुढच्या पायरीवर बसल्या. आमच्या आठ पोरांना बघून समोरच्या टीमचा गोलकीपर हसला. दहाव्या मिनिटाला पहिला गोल बसला, तशी मागून एका फुकट्याने नेहमीच्या सवयीने रेफरीची आई काढली. आप्पांचा हात उठायच्या आत पुढच्या पायरीवरची पारूआक्का वळली आणि त्याला पास विचारला. त्यानंतर पासवाल्यांचा हक्क जो काही बजावला गेला, तो मी इथे लिहू शकत नाही. मी शिक्षक आहे. रेफरी दुसऱ्या हाफमध्ये त्या बाजूला फिरकलाच नाही.

आम्ही सहा-शून्य हरलो. मॅच संपल्यावर आप्पा आठही पोरांच्या पाठीवर थाप मारत फिरले आणि मला म्हणाले, "ते अकरा, आपण आठ. अकरा जणं येऊन सहाच घालू शकली." हिशेब चुकीचा होता. पण कुठे चुकतोय ते त्या संध्याकाळी मला दाखवता आलं नाही, आणि दाखवायचंही नव्हतं.

सोळावी साडी गंगाक्कांची होती. ती त्यांनी विकायला दिलीच नव्हती. आप्पा मॅचला जायचे तेव्हा इतकी वर्षं त्या घरी दोन्ही माग सांभाळायच्या, मागाला रविवार माहीत नसतो. त्या दिवशी मात्र माग बंद होते. मॅच सुरू झाल्यावर त्या हळूच येऊन आप्पांच्या शेजारी बसल्या, ते मी बघितलं होतं. मैदान रिकामं झालं तरी दोघं पायरीवरच होती. मी स्कूटर काढली आणि आक्कांना घरी सोडू का म्हणून विचारायला गेलो. घर वीस पावलांवर आहे हे विसरून.

आक्का बोलत होत्या. बोरगावचं माहेर, विहिरीवर पोहायला जाणारे भाऊ, चिंध्यांचा चेंडू करून शेतात खेळायचे ते, आणि एकदा तो चेंडू विहिरीत पडला तेव्हा कुणी कुणाला ढकललं ते. आप्पा खाली बघत ऐकत होते. मी तोंड उघडणार तर त्यांनी हातानेच थांब म्हणून खूण केली. ती खूण आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरात चालते. मागाच्या खडखडाटात शेजारी उभ्या माणसाचा शब्द ऐकू येत नाही, म्हणून नवरा-बायको दिवसभर हातांनी बोलतात. चहा, धागा, दिवे, जेवण, सगळं हातांनी. रात्री माग थांबतात तेव्हा दोघांच्याही डोळ्यांवर झोप असते.

आक्का जरा थांबल्या तेव्हा आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पस्तीस वर्षं झाली लग्नाला, मास्तर. हिला येवढं बोलायला येतं, मला ठावंच न्हवतं बघा."

आक्का लाजल्या. पदर सारखा केला, आणि विषय बदलायचा म्हणून मला विचारलं, "पुढल्या रविवारी मॅच हाय न्हवं?"

आठातला एक पाय मुरगळून घरी गेला होता, दुसऱ्याला कॅम्पातल्या क्लबाचं बोलावणं आलेलं मला ठाऊक होतं. म्हणजे उरले सहा, आणि नियम सातांचा. टीम न उतरवायचा ठराव अजून माझ्याच कपाटात होता, माझ्याच अक्षरात.

"आहे की आक्का," मी म्हटलं, आणि सातवा माणूस शोधायला स्कूटरला किक मारली.