पाचशेचा कागद

सकाळच्या चहाआधी नृसिंहरावांनी बागेतल्या तळ्यात काठी बुडवली, वर काढली आणि ओलीची खूण बघून ते काठावरच बसले. संध्याकाळी काठोकाठ भरलेले पाणी पुन्हा वीतभर उतरले होते. तळे म्हणजे तरी केवढे, दोन बाजा शेजारी टाकाव्यात एवढे. लीनाताईंनी हौसेने बांधून घेतलेले. त्यात एक कमळ आणि पाच सोनेरी मासे. कमळ बिचारे मुकाट होते. मासे मात्र उरलेल्या पाण्यात तोंडे वर करून असे बघत होते, की जणू अर्ज देऊन महिना झाला आणि साहेब अजून जागेवर आलेले नाहीत. छत्तीस वर्षे दस्तनोंदणीच्या कचेरीत काढलेल्या नृसिंहरावांना ती नजर चांगली ओळखीची होती.

आठ दिवसांत त्यांनी फटीत पांढरे सिमेंट भरून पाहिले, गच्चीला लावतात ते औषध फासून पाहिले. पाणी ऐकेना. ते भिंतीतून निघे, कुंपणाखालून सरपटत जाई आणि पलीकडे गोरक्षनाथांच्या अंगणात, नेमके वैरणीच्या गंजीखाली जाऊन बसे.

कुंपणाला फाटक नव्हते, पण कोल्हारला घर बांधल्यापासून अकरा वर्षे त्याची कुणाला अडचण झाली नव्हती. म्हशीच्या ताकाची चरवी आणि पेरूची पाटी त्यावरून अलीकडे यायची, पुरणपोळीचे ताट पलीकडे जायचे. हाक आधी यायची, माणूस मागून.

आजही हाक आली. गोरक्षनाथ ट्रॅक्टरवर बसले होते आणि इंजिन चालू होते.

"भाऊसाहेब, गंज खालनं पार भिजली वो."

"सिमेंट भरलं होतं मी कालच."

"शिमिटानं न्हाई भागायचं. पाचशेचा कागद टाका. त्याबिगर थांबत न्हाई."

"पाचशेचा?"

"कमी नगं. हलका कागद आपल्याकडं कुनी धरीत न्हाई," एवढे बोलून ते ट्रॅक्टरसकट पेरूच्या बागेकडे निघून गेले. नृसिंहराव काठी हातात धरूनच घरात वळले.

"गोरक्षभाऊंनी कागद मागितला," ते स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले.

"कसला कागद?" लीनाताईंनी विचारले.

"पाचशेचा कागद कसला असतो? स्टॅम्प. लेखी हवंय त्यांना. अकरा वर्षांनी."

"अहो, ते किराण्याची यादी लेखी देत नाहीत. तुम्ही नीट ऐकलं का?"

"कमी नको म्हणाले. शंभरचा स्टॅम्प बंद झाला हेसुद्धा ठाऊक आहे त्यांना. म्हणजे कुणाला तरी विचारून आलेत."

"मग विचारा ना त्यांना सरळ."

"काय विचारू? माझ्यावर विश्वास का नाही, म्हणून?"

लीनाताई तळ्याकडे गेल्या. त्यांनी मासे उचलून न्हाणीघरातल्या मोठ्या टपात नेऊन सोडले. नृसिंहरावांनी दोन तांब्यांत अंघोळ उरकली. पाच जण एकटक बघत असताना साबण लावायला त्यांना अवघड वाटले.

राहुरीला स्टॅम्पवाल्याने रजिस्टर उघडले. "कारण काय लिहू?"

"तळं गळतंय."

पेन थांबले. "पक्षकार?"

"तळं माझं, पाणी माझं, ओल त्यांची."

स्टॅम्पवाल्याने थोडा विचार केला आणि 'ओलीचा करारनामा' असे लिहून टाकले. दुपारी नृसिंहराव लिहायला बसले. 'लिहून घेणार', 'लिहून देणार', 'कारणे करारनामा लिहून देतो ऐसा जे'. हात सराईत होता, पण मन जागेवर नव्हते. दुसऱ्यांचे हजारो कागद त्यांनी नोंदवले होते. ज्या घरांत कागद शिरला, त्या घरांतली माणसे पुढे एकमेकांशी कशी बोलायची, की बोलायचीच नाहीत, हेही पाहिले होते. शेवटचे कलम लिहिताना त्यांनी चष्मा तीनदा पुसला.

साक्षीदार म्हणून त्यांनी शांतवन सरांना गाठले. सर मिशनच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी आधी लाल पेन काढले.

"'पाणी' हा शब्द तेरा वेळा आलाय. एवढं तर तळ्यातही उरलं नसेल."

"सर, सही करा."

"करतो. पण गोरक्षला सातवीत मी शिकवलंय. प्रगतिपुस्तकावर सही आणायची म्हटली तरी त्याला ताप यायचा. तो तुमच्याकडे कागद मागतो?"

"माणसं बदलतात, सर."

दुसऱ्या दिवशी नृसिंहराव कुंपणापाशी हाक न मारता इस्त्रीचा सदरा घालून रस्त्याने वळसा घेऊन गेले. मागे शांतवन सर. दारात गोरक्षनाथांची बायको सुरेखा धान्य पाखडत होती. तिने दोघांचे चेहरे पाहून सूप खाली ठेवले.

"कोन गेलं वो, भाऊसाहेब?"

"कुणी नाही. कागद आणलाय."

"बेस झालं," आतून गोरक्षनाथ म्हणाले. "टाका तिथं वट्यावर." बाहेर येऊन त्यांनी ओट्याकडे पाहिले आणि ते दोन पावले मागे सरकले. "ह्यो कसला?"

"पाचशेचा. तुम्ही सांगितलात तसा."

"भाऊसाहेब, आमच्या तात्यांनी एकदा असल्या कागदाला अंगठा लावला, तर बांधावरचा आंबा दुसऱ्याचा झाला. तवापास्नं आमी लग्नपत्रिका बी जपून धरतो. तुमाला बांध सरकवायचाय का? तसं सांगा."

"बांधाचा काय संबंध? मी पाणी थांबवतोय."

"ह्यानं?"

"कलम तीन बघा. एक थेंब पलीकडे जाणार नाही."

"पान्याला वाचता येतं का?"

नृसिंहराव गोंधळले. "तुम्हीच म्हणालात, कमी नको."

"म्हनलो की. ह्यो लई पातळ हाय. भिजला की लगदा हुईल."

"भिजेल कशाला? कपाटात राहील."

"कपाटात? मंग तळ्यात काय टाकनार?"

"मासे," नृसिंहराव म्हणाले, कारण एवढे एकच त्यांना खात्रीने ठाऊक होते.

गोरक्षनाथांनी सरांकडे पाहिले. सरांनी वेलांट्या तपासायला घेतल्या.

"भाऊसाहेब, कागद तळ्यात हातरायचा असतोय. टोकं वर घ्यायची अन् दगडाखाली दाबायची."

"सरकारी मुद्रांक दगडाखाली?"

गोरक्षनाथ गोठ्यामागे गेले आणि खांद्यावर काळी जाड गुंडाळी घेऊन आले. त्यांनी ती ओट्याशी धप्पकन टाकली. "ह्यो कागद. पाचशे मायक्रॉन जाडीचा. शेततळ्याला टाकून उरलेला."

नृसिंहरावांनी वाकून बोट लावले. "याला कागद म्हणतात?"

"मंग काय म्हनत्यात?"

"प्लॅस्टिक," सर म्हणाले.

"शेततळ्याला पलास्टिक कोन टाकतं, सर? सगळे कागदच टाकत्यात."

सुरेखा तोंडाला पदर लावून हसली. गोरक्षनाथ मात्र हसले नाहीत. त्यांना आता कुठे उलगडले होते. "म्हंजे मी तुमच्याकडनं लिहून मागतोय, असं वाटलं तुमाला?"

नृसिंहरावांनी ओट्यावरचा कागद उचलून सदऱ्याच्या खिशात घातला. गोरक्षनाथांनी गुंडाळी पुन्हा खांद्यावर घेतली, फावडे उचलले आणि ते तळ्याकडे चालू लागले; मागोमाग नृसिंहराव आणि सर.

तळे उपसताना ते बोलले नाहीत. कमळ बादलीत काढले, टोचणारे खडे वेचले, तळाला बारीक वाळू पसरली, तरी नाही. काळा कागद अंथरून झाला. बाहेर आलेल्या कडा चर खणून त्यात पुरल्या, वर दगड बसवले. "जरा धरा", "ताना", "सोडा" एवढेच शब्द. अकरा वर्षांत एवढी शांतता त्या कुंपणाने ऐकली नव्हती. मग पाइप सोडला. पाणी चढू लागले तशा कागदाच्या सुरकुत्या एकेक करून भिंतीला टेकल्या, रुसलेले पोर थापटता थापटता झोपावे तशा. लीनाताईंनी पाच मासे मोजून सोडले.

"वाचा," हात धुता धुता गोरक्षनाथ म्हणाले.

"काय?"

"तुमचा कागद. माझ्या नावानं काय काय लिवलंय, कळू तरी द्या."

नृसिंहरावांनी चष्मा चढवला. एक, दोन, तीन अशी कलमे वाचली आणि चौथ्याला ते थांबले. शेवटी सरांनी कागद हातातून घेऊन वाचला: "'पाणी बंद झाले तरी उभयतांमधील ताक, हाक व जाणेयेणे बंद होणार नाही. ते दररोज, हयातभर, विनातक्रार चालू राहील.'"

गोरक्षनाथ हात पुसत जवळ आले. मग म्हणाले, "पेन द्या."

"आता गरज नाही त्याची, गोरक्षभाऊ. माझी चूक झाली."

"पानी काळ्यानं थांबलं. बाकीचं पांढऱ्यावर पक्कं असू द्या."

ते तळ्याच्या काठावर मांडी घालून बसले. सही करायला त्यांना इतका वेळ लागला, की सर मागे येऊन उभे राहिले. "'क्ष' नीट काढ," ते हळूच म्हणाले.

सकाळी नृसिंहरावांनी काठी बुडवली. पाणी तसूभरही हलले नव्हते. त्यांनी खात्रीसाठी तीनदा बुडवली, तोच कुंपणावरून हाक आली. गोरक्षनाथ चरवी घेऊन उभे होते. नृसिंहरावांनी तिथेच फुलपात्र भरून तोंडाला लावले आणि ते थबकले. ताक गार होते. त्याला जिऱ्याचा आणि कुठल्यातरी मसाल्याचा वास येत होता.

"म्हशीचा चारा बदललात का?"

"म्हस परवाच आटली, भाऊसाहेब."

"मग हे?"

गोरक्षनाथांनी खिशातून डेअरीच्या ताकाची कापलेली पिशवी अर्धवट वर काढून दाखवली आणि परत आत ढकलली.

"दररोज लिवलंय तुमी. 'जमल्यास' लिवायला काय हुतं?"