लोडचं ऐकायचं नसतं

"पाच मिनिटं. पाच मिनिटांत मोठ्या साहेबांच्या डोळ्यांतून पाणी नाही काढलं, तर मिशी उतरवून ठेवीन," सिग्नलवाला बायकोला म्हणाला.

"मिशी राहू द्या, नोकरी वाचवा," बायको म्हणाली.

सिग्नलवाल्याचं काम सरळ होतं. बांधकामावरच्या उंच क्रेनचा ऑपरेटर वर एवढ्याशा काचेच्या खोपटात बसतो. त्याला खालचं नीट दिसत नाही, ऐकू तर काहीच येत नाही. म्हणून खाली एक माणूस उभा राहतो आणि हातांनी सांगतो: उचल, फिरव, उतरव, थांब. हा माणूस बावीस वर्षं उन्हात उभा होता. वरचा ऑपरेटर म्हणजे त्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. घरी दोघं फारसे बोलत नसत. भांडण नव्हतं, सवयच नव्हती.

आता नवा मॅनेजर आला होता. त्याने वॉकी-टॉकी आणले. एक वर, एक आपल्या कमरेला. मग खाली हात हलवणारा माणूस कशाला हवा? पण हे लोक लाथसुद्धा आधी पाय पुसून मारतात. म्हणून सुरक्षा दिनी सिग्नलवाल्याचा सत्कार ठरला. बावीस वर्षांत एकही अपघात नाही म्हणून पुष्पगुच्छ आणि मोठ्या साहेबांसमोर पाच मिनिटांचं भाषण. त्यानंतर लगेच मॅनेजरचं प्रात्यक्षिक: ऑफिसची नवी केबिन, म्हणजे खिडकी, खुर्ची, आरसा असलेली लोखंडी खोली, फक्त वॉकी-टॉकीवर बोलून क्रेनने उचलायची आणि खड्ड्यापलीकडे ठेवायची. ते जमलं की सिग्नलवाल्याने गुच्छ घेऊन घरी जायचं, ते कायमचं.

तेव्हा काय ते या पाच मिनिटांतच करायचं होतं. त्याने भाषणकलेचा वर्ग लावला. तीन रविवार.

"तुमचे हात खुंटीवरच्या शर्टासारखे लटकतात," वर्गातल्या बाई म्हणाल्या. "शब्द तर कोणीही बोलतो. हात बोलले पाहिजेत."

"बाई, माझे हात बोलतातच."

"मग बोलू द्या की."

बाईंनी त्याचं काम काय ते विचारलं नाही, यानेही सांगितलं नाही. बाईंनी त्याला चार गोष्टी पक्क्या करून दिल्या. महत्त्वाचा मुद्दा आला की बोट वर. भविष्याबद्दल बोलताना हात लांब बाजूला. खोल विचार सांगताना बोट खाली. आणि शेवटी दोन्ही हात पोटासमोर एकमेकांत घट्ट, म्हणजे माणूस नम्र दिसतो. "आणि लोकांचे चेहरे वाचत राहा," बाई म्हणाल्या. "चेहरा कधी खोटं बोलत नाही."

घरी कपाटाच्या आरशासमोर सराव झाला. बायको भाजी निवडता निवडता बघत होती.

"अहो, हात बांधून बोललात तर नाही का चालणार?"

"तुला यातलं काय कळतं?"

"मला नाही कळत. पण हे सगळं कुठेतरी बघितल्यासारखं वाटतंय."

कार्यक्रमाच्या दिवशी मोठे साहेब पहिल्या रांगेत बसले. मागे कामगार, सगळ्यात मागे घरची मंडळी. स्टेजच्या मागे केबिन क्रेनच्या हुकाला आधीच अडकवून ठेवली होती. आपला नंबर यायच्या आत टाय नीट करावा म्हणून मॅनेजर आरशासाठी त्या केबिनमध्ये शिरला. 'हुकाला लावलेल्या मालात (लोडमध्ये) माणसाने जाऊ नये' ही पाटी केबिनच्याच दारावर होती. खाली सही मॅनेजरची.

सिग्नलवाला माईकसमोर उभा राहिला आणि सुरू झाला. पहिल्याच वाक्याला मागच्या रांगांतले लोक आपापल्या कानाकडे बोट दाखवू लागले. कान देऊन ऐकतायत, त्याने चेहरे वाचले. हुरूप आला.

"मला फक्त एक गोष्ट सांगायचीय," तो म्हणाला. बोट वर केलं आणि मुद्दा ठसावा म्हणून गोल गोल फिरवलं.

बोट वर आणि गोल फिरतंय म्हणजे 'उचल'. मेहुण्याने बावीस वर्षं या बोटाला प्रश्न विचारला नव्हता. आजही विचारला नाही.

केबिन उठली.

लोकांच्या माना वर झाल्या. मोठ्या साहेबांचीही झाली, तोंड उघडं राहिलं. आपण यांना कुठल्या कुठे नेतोय, सिग्नलवाल्याला वाटलं, आणि बोट आणखी जोरात फिरलं.

वर केबिनच्या खिडकीत एक अर्धवट बांधलेला टाय आणि त्यामागे मॅनेजर दिसला.

"या कंपनीचं भविष्य," सिग्नलवाल्याने हात लांब बाजूला केला, "तिकडे आहे."

मॅनेजर तिकडे निघाला. तिकडे खड्डा होता, खड्ड्यात गुडघाभर पाणी. मागचे कामगार उभे राहून दोन्ही हात हलवू लागले. सिग्नलवाल्याचा ऊर भरून आला. त्यानेही एक हात हलवला. बायको खुर्चीवर चढून दोन्ही मनगटं एकावर एक ठेवून दाखवत होती. ही एवढी भारावलेली त्याने लग्नातही पाहिली नव्हती.

"पण जरा खोलात जाऊन विचार करा," तो म्हणाला आणि बोट खाली वळवून फिरवत राहिला.

केबिन खोलात गेली. पाण्याचा मोठा आवाज झाला. सिग्नलवाल्याला तो टाळ्यांचा वाटला. मग त्याने समाधानाने दोन्ही हात पोटासमोर घट्ट जुळवले, म्हणजे क्रेनच्या भाषेत 'सगळं बंद, ब्रेक लाव', आणि वर मेहुण्याने सगळं बंद करून ब्रेक लावला.

मग सिग्नलवाल्याने मागे वळून पाहिलं.

केबिनच्या दारात मॅनेजर उभा होता. बूट पाण्याखाली, वॉकी-टॉकी तोंडाशी. "वर घे! अरे वर घे!" क्रेन ढिम्म.

मोठे साहेब खड्ड्याच्या काठाशी आले. त्यांनी मेहुण्याला खाली बोलावून घेतलं.

"वॉकी-टॉकीवर काही ऐकू आलं नाही?"

"आलं ना साहेब. उचलल्यापासून कोणीतरी ओरडतंय. आवाज ओळखीचा वाटला."

"मग थांबला का नाहीस?"

"आवाज लोडमधून येत होता. लोडचं ऐकायचं नसतं, साहेब. खाली हात आहेत ना आमचे."

मोठे साहेब खड्ड्याकडे वळले. मग मॅनेजरकडे बघून म्हणाले, "ते वॉकी-टॉकीचे डबे परत करा. आणि तुम्ही बाहेर या." कसं यायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. मेहुणा परत वर गेला, सिग्नलवाल्याने बोट वर करून फिरवलं, केबिन उठली, आणि मॅनेजर ठिबकत जमिनीवर आला. नोकरी राहिली. फक्त नोटीस बोर्डावर एक नवा नियम लागला, की क्रेन चालू असताना सिग्नलवाल्याने भाषण करू नये.

संध्याकाळी मेहुणा घरी आला. सिग्नलवाल्याची मान काही खाली येत नव्हती.

"झालं ते झालं, पण बघा, भाषणाने नोकरी वाचवली. साहेब मुद्द्याने हलले. तू एवढा वर, तुला थोडं तरी ऐकू आलं का?"

मेहुण्याने ताईकडे बघितलं. ताईने भांड्यात बघितलं.

"भाऊजी, खाली पहिल्या रांगेतसुद्धा नाही आलं. माईकचं बटण कोणी दाबलंच नव्हतं."

"मागचे लोक कानाकडे बोट दाखवून तेच सांगत होते," बायको म्हणाली. "मी पण."

"तू तर हात जोडत होतीस."

"बांधा म्हणत होते."

सिग्नलवाला घोटभर चहा प्यायला. त्याला यावर एक जबरदस्त उत्तर सुचलं. त्याने घसा साफ केला आणि बोट वर केलं.

दोघा बहीणभावांनी आधी छताकडे पाहिलं.